वावरातला काळा दगड: जालना जिल्ह्यातल्या एका तपासणीची हकीकत

प्रकरण एका दगडाचं आहे. वजन २ किलो ३१० ग्रॅम, रंग काळा, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. जालना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं तो आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात आणला, तोवर गावानं आणि व्हॉट्सॲपनं तो आकाशातून पडला असं ठरवूनही टाकलं होतं. तो आकाशातून पडलेला नव्हता. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मला लिहायचंय ते त्या 'नाही'पर्यंतच्या वाटेबद्दल. या वाटेवर दोनदा असं वळण आलं की घाईत उलटं उत्तर गेलं असतं. आणि मंगळावरच्या खडकात जीवसृष्टीची खूण शोधणारे लोक नेमके याच वाटेनं जातात, म्हणून ती तपशिलानं मांडतोय.

आधी पार्श्वभूमी. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या लोकांनी पेटते गोळे एका रांगेत आकाशातून सरकताना पाहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं पडलं. अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या 'चांग झेंग ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा असं सांगितलं. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलं होतं.

आमच्या भागातले व्हिडिओ शांतपणे पाहिले तरी ही नैसर्गिक उल्का नव्हे, एवढं कळत होतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरते आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत विझून जाते. पाडव्याचे गोळे संथ होते, जवळजवळ आडवे चालले होते, आणि घरातल्या माणसांना हाका मारून अंगणात बोलवायला लोकांना वेळ मिळाला होता. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगानं, अगदी तिरप्या वाटेनं वातावरणात उतरते तेव्हा असंच दिसतं.

विभागातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की मग विषय संपला, रॉकेट होतं तर दगड कुठून येणार? मला ते पटलं नाही. 'तो उजेड उल्केचा नव्हता' हे एक विधान आहे आणि 'हा दगड आकाशातला नाही' हे दुसरं. पहिलं सिद्ध झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. एखादा जुना अशनी, म्हणजे आकाशातून जमिनीवर पोचलेला दगड, वर्षानुवर्षं बांधावर पडून असेल आणि पाडव्याच्या गडबडीत पहिल्यांदाच कुणाच्या नजरेस आला असेल, असंही होऊ शकतं. दगडाचा निकाल दगडावरूनच लागायला हवा.

दगड सापडला तो पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. आमच्याच एका विद्यार्थिनीचे ते चुलते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही तेच म्हणू लागलो. दगड त्यांनी गोणपाटात गुंडाळून आणला होता.

"सर, हा काल तं नव्हता," तात्या म्हणाले. "गड्यानं पाह्यला आधी. मी हात लावला तं चटकाच बसला बघा."

या दोन वाक्यांत दोन पुरावे होते. काल नव्हता, आणि गरम होता. तात्या खोटं बोलणारा माणूस नाही. पण खऱ्या माणसाचा खरा अनुभवसुद्धा उलगडून पाहावा लागतो.

गरमपणाचं आधी घेऊ. आकाशातून आलेला दगड पेटता निखारा होऊन जमिनीवर पडतो, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात त्याचा बाहेरचा थर वितळतो आणि वाऱ्यानं उडून जातो. आतला दगड अवकाशातल्या थंडीतला तसाच राहतो, कारण दगडातून उष्णता फार सावकाश आत शिरते आणि पेटण्याचा काळ असतो काही सेकंदांचा. मग उरलेले साधारण वीस किलोमीटर तो विझलेल्या अवस्थेत, थंड हवेतून, साध्या दगडासारखा खाली येतो. जमिनीवर पोचतो तेव्हा तो कोमट असतो, नाही तर गार. उलट एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे वावरातल्या कुठल्याही काळ्या दगडाला हात लावा, चटका बसतो. तात्यांनी सांगितलेली गोष्ट शंभर टक्के खरी होती. तिनं फक्त ऊन सिद्ध होत होतं.

'काल नव्हता' याचा उलगडा वावरात गेल्यावर झाला. मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. तात्यांचा जुना गडी सोडून गेला होता आणि नवा त्या वावरात पाडव्यालाच पहिल्यांदा आला होता. दगड आधी त्याच्या नजरेला पडला. त्या बांधावर आधी काय होतं, काय नव्हतं, हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. आणि ज्याला माहीत असतं, तो जुना गडी तेव्हा दुसऱ्या गावी होता. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. साक्षीदार किती आहेत, यापेक्षा त्या जागेची आधीची ओळख कुणाला होती, हे विचारायला हवं.

जिथून दगड उचलला ती जागा तात्यांनी बरोबर दाखवली. त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. बहुतेक वेळा जागाच हरवते. तिथे खड्डा नव्हता, पण दगडाच्या बुडाचा ठसा मातीत स्पष्ट होता. ठशातली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा ओलसर आणि घट्ट होती. उन्हाअभावी पांढरट पडलेले गवताचे कोंब त्यात आडवे झालेले होते आणि कडेला मुंग्यांची बिळं थेट ठशाच्या आत उघडत होती. एका रात्रीत हे होत नाही. दगड तिथे निदान काही आठवडे पडून होता.

त्यामुळे 'कालचा' हा मुद्दा गेला. 'आकाशातला' हा मुद्दा मात्र अजून उभाच होता.

इथे एक गोष्ट थोडी विस्तारानं सांगावी लागेल. दगड माझ्याकडे आला तेव्हा त्यावर हळदकुंकू होतं, नारळाचं पाणी शिंपडलेलं होतं आणि गावातल्या बऱ्याच हातांनी तो उचलून पाहिलेला होता. आकाशातून काही आलं असं वाटल्यावर त्याला हात जोडणं मला अजिबात खटकत नाही. पण तो दगड कार्बनयुक्त अशनी असता, तर काय गेलं असतं, ते आपल्या लोकांना माहीत असायला हवं.

१९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक असतात तसले रेणू, सापडली. ती तिथल्या मातीतून किंवा माणसांच्या हातांतून आत शिरलेली नाहीत हे दाखवायला शास्त्रज्ञांना दोन गोष्टींचा आधार मिळाला. एक, त्यात आयसोव्हॅलीनसारखी, पृथ्वीवरच्या सजीवांच्या प्रथिनांत न वापरली जाणारी अमिनो आम्लं होती. दोन, अनेक आम्लांचे डावे आणि उजवे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे, रेणू जवळपास सारख्या प्रमाणात होते. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी जवळजवळ फक्त डावे रेणू वापरतात. आपल्या बोटांच्या घामात अमिनो आम्लं असतात, नारळाच्या पाण्यातही असतात, आणि तीही बहुतांशी डावीच. म्हणजे असा दगड एकदा हाताळला गेला की त्यातली बाहेरची रसायनं आणि आपली रसायनं वेगळी करणं कठीण होऊन बसतं. राजस्थानात जयपूरजवळ मुकुंदपुरा इथे ६ जून २०१७ रोजी असाच कार्बनयुक्त अशनी शेतात पडला. तो लगेच गोळा झाला, म्हणून त्याची किंमत मोठी.

आणि हाच धोका टाळण्यासाठी माणसानं किती लांबची वाट धरली ते पाहा. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानानं बेनू या लघुग्रहावरची माती डबीत बंद करून २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर उतरवली. सारा ऐवज १२१.६ ग्रॅमचा, तात्यांच्या दगडाच्या जेमतेम एकोणिसाव्या भागाइतका. तो नायट्रोजन भरलेल्या बंद पेट्यांत हाताळला गेला. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: सजीवांच्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं, डीएनए-आरएनएमधले पाचही नायट्रोजनी घटक, आणि खारं पाणी आटून मागे राहिलेले क्षार. या निष्कर्षांवर विश्वास बसतो तो त्या बंद पेट्यांमुळे. जीवसृष्टीचा कच्चा माल पृथ्वीबाहेर तयार होतो, हे ज्या पुराव्यावर उभं आहे त्या पुराव्याला कुणाचं बोट लागलेलं नाही.

आता दगडाकडे येऊ.

आधी घनता पाहिली. दोरीनं टांगून पाण्यात बुडवला तेव्हा ७९० मिलिलिटर पाणी सरलं. म्हणजे घनता सुमारे २.९. आपल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची घनताही साधारण इतकीच असते. सर्वांत जास्त संख्येनं सापडणारे साधे अशनी बहुधा ३.२ च्या पुढे असतात, आणि मुकुंदपुऱ्यासारखे कार्बनयुक्त त्याहून बरेच हलके. २.९ हा आकडा बेसॉल्टशी जुळत होता, पण अशनींच्या या दोन्ही गटांत नीट बसत नव्हता. त्यावरून हो म्हणता येत नव्हतं आणि ठामपणे नाहीही म्हणता येत नव्हतं.

चुंबक लावल्यावर गंमतीची गोष्ट दिसली. साधा अशनी सगळीकडून सारखाच चुंबकाकडे ओढला जातो, कारण त्यात लोखंड-निकेलचे कण भर पसरलेले असतात. बेसॉल्टसुद्धा किंचित ओढला जातो, त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे. म्हणून 'चुंबक चिकटला' हा आमच्या भागात अजिबात पुरावा होत नाही. तात्यांचा दगड ठरावीक ठिकाणी जोरात ओढायचा आणि बोटभर बाजूला सरकलं की मुळीच नाही. आत कुठेतरी धातूचे वेगवेगळे मणी होते.

मग पृष्ठभाग. वातावरणातून येताना अशनीवर जी काळी साय धरते ती सहसा एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि आतला दगड तिच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा, बहुतेक वेळा फिका असतो. या दगडाचा एक कोपरा आधीच फुटलेला होता. तिथे आत बाहेर एकच काळा रंग, काचेसारखी चमक आणि बुडबुड्यांची भोकं.

भोकं दिसली की जाणकार दगड बाजूला ठेवतात, कारण अशनीत बुडबुडे जवळजवळ नसतातच. 'जवळजवळ' मात्र महत्त्वाचं. तात्यांची पुतणी माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसते आणि ती वाचून आलेली होती. "सर, इबितिरा?" तिनं विचारलं. ब्राझीलमध्ये १९५७ साली पडलेल्या इबितिरा अशनीत खरोखरच बुडबुड्यांची भोकं आहेत. तिचा प्रश्न रास्त होता. अपवाद माहीत असेल तर नियमाच्या जोरावर प्रकरण मिटवता येत नाही. मी तिला म्हटलं, "बेटा, मग निकेल बघू."

निकेलची चाचणी आमच्या रसायनशास्त्र विभागात करता येते. आकाशातल्या लोखंडात निकेल असतंच, कमीत कमी पाच टक्क्यांच्या आसपास. पृथ्वीवरच्या साध्या लोखंडात ते नसतं किंवा नगण्य असतं. दगडातला एक धातूचा मणी कानशीनं घासून त्याचा कीस आम्लात विरघळवायचा, अमोनियानं द्रावण अल्कधर्मी करायचं, डायमिथिलग्लायऑक्झिम घालायचं. निकेल असेल तर गुलाबी-लाल रंग येतो. पदवीच्या प्रयोगवहीतला हा प्रयोग आहे.

रंग आला. लाल.

त्या खोलीत त्या क्षणी काय झालं ते मी विसरणार नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, एकानं फोन काढला. मी सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितलं आणि त्याचा पुढे बराच वेळ त्यांना राग होता. पण रसायनशास्त्राच्या मॅडमनी परीक्षानळी उजेडात धरली आणि एकच वाक्य बोलल्या: "रंग पाण्यात आहे, गाळ कुठाय?"

फरक असा. निकेल या रसायनाबरोबर लाल साका तयार करतं; तो खाली बसतो. पण लोखंडाचं फेरस रूप याच रसायनाबरोबर, अमोनियाच्या द्रावणात, लाल रंग देतं, आणि तो रंग द्रावणात विरघळलेलाच राहतो. ज्या नमुन्यात मुख्य ऐवजच लोखंड आहे, तिथे ही गफलत होणारच. उपाय ठरलेला आहे: आधी हायड्रोजन पेरॉक्साइडनं सगळं फेरस लोखंड फेरिक करून घ्यायचं, मग टार्टारिक आम्ल घालून ते बांधून ठेवायचं, म्हणजे ते मध्ये येत नाही. तसं करून चाचणी पुन्हा घेतली. यावेळी द्रावणाचा लाल रंग गेला, पण नळीच्या तळाशी, अगदी फिका का होईना, गुलाबी साका दिसलाच.

म्हणजे निकेल होतं. थोडंसं, पण होतं.

या प्रकरणात सर्वांत अवघड जागा हीच. पहिला लाल रंग लोखंडाचा निघाला, तो टाकून दिला. पण दुसरा खराच निकेलचा. पुस्तकाच्या नियमानं आता उत्तर 'अशनी' असं यायला हवं होतं. त्याच संध्याकाळी एका स्थानिक वार्ताहरानं फोन केला. मी त्यांना एवढंच सांगितलं की तपासणी चालू आहे, आणि त्यांनी समजूतदारपणे थांबायचं कबूल केलं.

डायमिथिलग्लायऑक्झिम अतिशय संवेदनशील आहे. ते निकेल आहे एवढं सांगतं, किती आहे ते या पद्धतीनं सांगत नाही. म्हणून प्रश्न बदलावा लागला: पृथ्वीवर, आमच्याच भागात, निकेलचा अंश असलेले लोखंडाचे गोल मणी काचेसारख्या काळ्या दगडात अडकलेले कुठे सापडतील?

जालन्यात राहणाऱ्याला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. बांधकामाच्या सळईसाठी जालना देशभर ओळखलं जातं. इथल्या विजेच्या भट्ट्यांत भंगार वितळवून पोलाद होतं, आणि वर जो मळ तरंगून येतो, तो काढून टाकला की त्याचा थंड होऊन स्लॅग बनतो. काळा, काचेसारखा, बुडबुड्यांचा, आणि वितळलेल्या पोलादाचे थेंब पोटात घेतलेला. भंगारात स्टेनलेस स्टीलचे तुकडे मिसळलेले असतात, आणि स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच प्रकारांत निकेल असतं. निकेल सहजी जळून स्लॅगमध्ये जात नाही. ते धातूबरोबरच राहतं. म्हणजे स्लॅगमधल्या मण्यात निकेलचा अंश सापडणं अगदी शक्य आहे.

हे नुसतं म्हणून भागणार नव्हतं. शक्यता मांडली की ती तपासण्याजोग्या भाकितात बदलावी लागते. मणी स्टेनलेस भंगारातून आलेला असेल तर निकेलबरोबर क्रोमियम सापडायला हवं, पोलादातलं मँगनीज सापडायला हवं, आणि निकेल पाच टक्क्यांच्या कितीतरी खाली असायला हवं. अशनीतलं असेल तर निकेल भरपूर आणि मँगनीज नगण्य.

तात्यांना विचारून दगड कापला. विचारणं भाग होतं. दगड त्यांनी विश्वासानं दिलेला होता. ते थोडं घुटमळले, मग म्हणाले, "कापा. पन अर्धा मला परत पायजे." कापलेल्या भागातून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अशनीत ज्या गोल गोल दाण्यांमुळे ओळख पटते, ते कॉन्ड्रूल एकही नव्हते. आमच्या बेसॉल्टमध्ये दिसणाऱ्या फेल्डस्पार या खनिजाच्या काड्यांची जाळीही नव्हती. दिसलं ते काळं काचद्रव्य, त्यात पिसांसारखे वाढलेले अर्धवट स्फटिक आणि लोह ऑक्साइडची झाडासारखी फांद्यांची नक्षी. फार झपाट्यानं थंड झालेल्या वितळलेल्या द्रव्यात हे असंच तयार होतं. मधूनमधून धातूचे नितळ गोल थेंब. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं त्या थेंबांचं मूलद्रव्य विश्लेषण करून दिलं: लोखंडाखालोखाल मँगनीज आणि क्रोमियम, आणि निकेल एक टक्क्याच्याही खाली. तिन्ही भाकितं जुळली.

एक दुवा उरला होता. स्लॅग तात्यांच्या बांधावर आला कसा? गावात चौकशी केली तेव्हा समजलं की आदल्या वर्षी पांदण रस्त्याचे खड्डे भरायला ट्रॅक्टरनं भर आणून टाकली होती. आम्ही त्या रस्त्यानं चालत गेलो तेव्हा मुरमात तसलेच काळे चमकदार तुकडे दिसले. त्यांतले काही उचलून आणले आणि त्यांचेही काप केले; तीच पिसं, तेच थेंब.

आता यात मंगळ कुठे आला, असं कुणी विचारील, तर माझं उत्तर हे की या प्रकरणातली प्रत्येक पायरी तिथेही आहे. १९८४ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या 'एएलएच ८४००१' या मंगळावरून आलेल्या दगडात जुन्या जीवांच्या खुणा असाव्यात, असं नासाच्या शास्त्रज्ञांच्या गटानं १९९६ मध्ये मांडलं. पुरावे चार प्रकारचे होते: कार्बोनेटचे गोळे, मॅग्नेटाइटचे बारीक स्फटिक, सेंद्रिय रेणू आणि जिवाणूंसारखे दिसणारे सूक्ष्म आकार. एकत्र ठेवले तर विलक्षण. पण पुढच्या वर्षांत एकेकाला निर्जीव कारणही सापडत गेलं, आणि आज बहुतेक शास्त्रज्ञ तो दावा सिद्ध झाला असं मानत नाहीत. आमच्या गुलाबी साक्यासारखंच ते: खूण खरी, अर्थ एकच नाही.

त्या धड्याचा परिणाम आता दिसतो. २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स गाडीला मंगळाच्या जेझेरो विवराजवळच्या 'चेयावा फॉल्स' नावाच्या खडकावर बिबट्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके सापडले. त्यात लोखंडाचे फॉस्फेट आणि सल्फाइड असावेत, आणि पृथ्वीवर अशी खनिजं अनेकदा जिवाणूंच्या कामातून तयार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये यावरचा शोधनिबंध आला तेव्हाही शब्द वापरले गेले ते 'संभाव्य जैवखूण' एवढेच. पृथ्वीवर आणून काप करता येत नाही तोवर त्यापुढे जायचं नाही, असा तो संयम आहे. हा संयम मला फार आवडतो.

आणि जवळचं उदाहरण लोणारचं. आमच्या मंठा तालुक्याला लागूनच, पण बुलढाणा जिल्ह्यात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्टमध्ये झालेलं असल्यानं मंगळाच्या विवरांशी त्याची तुलना होते. ते ज्वालामुखीचं असावं, असं कित्येक दशकं मानलं जात होतं. आघाताचा खात्रीचा पुरावा १९७३ मध्ये छापून आला, तळात खोदून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड दाबाखालीच तयार होणारी मास्केलिनाइट काच सापडली तेव्हा. विवर डोळ्यांसमोर होतं, पण आकारावरून निकाल लागला नाही. आघात करणारा अशनी स्वतः तर आजही हाती लागलेला नाही.

तात्यांबरोबर वावरात फिरताना आणखी एक दगड मी उचलला होता, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बांध घालायला वापरलेला साधा पाषाण. त्यातही भोकं होती, पण ती भरलेली होती: कडेला हिरवी सेलाडोनाइटची अस्तरी आणि आत पांढऱ्या झिओलाइटचे स्फटिक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, मग त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं आणि त्यानं ही खनिजं एकेक थर करून बसवली. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला तिथल्या खडकांत झिओलाइट गटातलंच ॲनालसाइम दिसलं, तेव्हा त्याचा अर्थ लावता आला तो पृथ्वीवरच्या बेसॉल्टवरून: इथे खडकात पाणी फिरलं होतं, बराच काळ, ऊब असलेलं.

तात्यांना मी तो दगड दाखवला. "हा तं इथं ढिगानं हाये," ते म्हणाले. ढिगानं आहे, म्हणूनच त्याचा अभ्यास होतो, आणि त्या अभ्यासावरून दुसऱ्या ग्रहावरचं पाणी ओळखता येतं, असं मी सांगितलं. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ उन्हात फिरवून पाहिला. मराठवाड्यातली मुलं हे स्फटिक लहानपणापासून पायाखाली तुडवत मोठी होतात आणि ग्रहविज्ञान म्हणजे अहमदाबाद-बंगळुरूला जाऊन शिकायची गोष्ट, असं समजतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निकाल आम्ही लेखी दिला. एक प्रत तात्यांना, एक तहसील कार्यालयाला. त्यात नुसतं 'अशनी नाही' असं लिहिलं नाही. कोणती चाचणी केली, तिनं काय दाखवलं, काय दाखवू शकली नाही, घनतेवरून निर्णय का देता आला नाही, पहिला लाल रंग का बाद केला, दुसरा का ग्राह्य धरला, आणि निकेल असूनही दगड पृथ्वीवरचाच कसा, हे सगळं मराठीत, दोन पानांत. गावात ते वाचून दाखवलं गेलं. सुरुवातीला नाराजी होती. दोघाचौघांना वाटलं, सरांनी दगड बदलला. कापलेला अर्धा भाग तात्यांकडे होता, तो पांदणीतल्या तुकड्यांशेजारी ठेवून त्यांनी स्वतःच लोकांना दाखवला. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

विभागात आता एक लाकडी पेटी केली आहे. त्यात भरीव बेसॉल्ट, झिओलाइट भरलेला बेसॉल्ट, वेगवेगळ्या भट्ट्यांचे स्लॅग, वीटभट्टीचा खंगर आणि लोहयुक्त जांभा, प्रत्येकाचा काप आणि चुंबकाला तो कसा वागतो याची नोंद. कुणी दगड घेऊन आलं की आधी या पेटीशी ताडून पाहतो. तात्यांची पुतणी या पेटीचं काम बघते, आणि तिला पुढे अशनींवरच काम करायचंय.

तुमच्या वावरात असं काही सापडलं तर एवढं करा. उचलण्याआधी, तो पडलाय तसाच, चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवून. जागेवर खूण करा. हातानं न उचलता कोऱ्या प्लास्टिक पिशवीनं उचला. धुऊ नका, चुंबक घासू नका, कारण चुंबकानं दगडातली मूळची चुंबकीय नोंद पुसली जाते. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. खरा निघाला तर तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जायला हवा. देशात पडलेल्या अशनींचा अधिकृत संग्रह त्यांच्याकडे आहे. ताज्या अशनीत सोडियम-२२ सारखी किरणोत्सारी मूलद्रव्यं असतात आणि दर २.६ वर्षांनी ती निम्मी होतात. काही तर त्याहून कितीतरी लवकर संपतात, म्हणून मोजणी लवकर व्हावी लागते. आणि आपल्या काळ्या मातीत पावसाची ओल महिनोन्महिने टिकते, त्या ओलीत लोखंडाचे कण गंजून जातात. तेव्हा दगड सापडला तर मृगाची वाट पाहू नका.